विंडोज १० वरून लिनक्सवर जाऊ का? बजेट ३०००

देवगड_कलमवाला: आंब्याच्या पेट्यांची बिलं घरच्या डेस्कटॉपवर करतो. प्रोसेसर आय५ सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला आठवी जनरेशन लागते. मशीन धडधाकट आहे, भंगारात का टाकू? लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) टाकलं तर जुना लेझर प्रिंटर, हिशोबाचं टॅली, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टातली बिलं चालतील का?

चिपळूणकर: सरळ नवीन घ्या. मी दिवाळीत ४५ हजारांचा घेतला, एक नंबर. खाऱ्या हवेत जुन्या बोर्डाचं काही खरं नाही.

मालवणी_झिल: अरे त्याचा बजेट ३००० आसा, तू ४५ हजार काय सांगतस? पयली एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा जलद डिस्क) घाल, मगे बघ.

उबुंटूप्रेमी_रत्नागिरी: मिंट कशाला, लिनक्सचंच उबुंटू घ्या, मी कित्येक वर्षं वापरतोय.

गुहागर_सायबर: उबुंटूत फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप नावाच्या जड पॅकेजमधून येतो, ४ जीबीत जड जातं, मिंटच बरं. मिंट मशीनवर झकास चालतं हो, अडतं ते आजूबाजूला. टॅली विंडोजचंच, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) हिशोब ठेवायच्या फंदात पडू नका. श्रीलिपीचा मजकूर युनिकोडात (सगळीकडे वाचता येणारी मराठी) कन्व्हर्ट करून घ्या, पुढचं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने टाइप करा. प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या सर्वसाधारण भाषा कळत असतील तर प्रश्न नाही, पण स्वस्तातले बरेचसे फक्त कंपनीच्या ड्रायव्हरचं ऐकतात. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून आधी टेस्ट पेज काढा. आणि ड्युअल बूटच ठेवा, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही.

दापोली_आई: आमच्या मुलाने टाकलं, अपडेटनंतर वायफाय गेलं. दुरुस्तीवाला हातच लावेना, फॉरमॅट मारून विंडोज टाकतो म्हणे.

गुहागर_सायबर: ताई, खरी अडचण हीच आहे. केरळात सरकारी शाळांत लिनक्स आहे, पण तिथे आधी शिक्षकांना शिकवलं. आपल्याकडे दुकानदारालाच कोणी शिकवलेलं नाही, मग बिघडलं की माणूस जाणार कुठे?

मालवणी_झिल: ड्युअल बूट ठेव, मी पण ताच सांगतंय.

चिपळूणकर: तरी सांगतो, नवीन घ्या.

देवगड_कलमवाला: लाइव्ह लावून बघितलं. वायफाय लगेच लागलं, इनस्क्रिप्टही मस्त. प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकला, कागद काही ओढला नाही. तरी ड्युअल बूट नको, दोन्हीकडे अर्धी अर्धी बिलं होऊन बसतील. नवी एसएसडी आणि त्यावर फक्त मिंट. बिलं लिब्रेऑफिसमध्ये (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) करून पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, टॅलीत नोंदी सीएकडे होतील, त्यांच्याशी बोललो. हे सगळं पेट्या सुरू व्हायच्या आधी उरकतो, नंतर मान वर करायला वेळ नसतो.