अनुभव धागा: रस्ता अडवला की काम होतं की बिघडतं?

१८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली, तेव्हापासून गोव्यात रस्त्यावर उतरण्याला एक वजन आहे. पण रस्त्यावर उतरणं वेगळं आणि रस्ता अडवणं वेगळं. ज्यांनी अडवलं आणि जे अडकले, दोघांनीही लिहा. पक्षांची उणीदुणी नकोत, ती चतुर्थीला घरी होतातच.

माझा अनुभव अडकलेल्याचा. सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, आणि १९ मार्चला खाण अवलंबितांनी पणजीत वाहतूक रोखली. मी मांडवी पुलाच्या पर्वरीकडच्या तोंडाशी. मागच्या सीटवर आई, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) डायलिसिसची वेळ ठरलेली. आम्ही डिचोलीचे, मावसभावाचे खनिज वाहणारे टिपर दारात उभे, म्हणजे अडवणारे आमचेच. आईने काच खाली करून एका पोराला विचारलं, "कोर्ट दिल्लीत मरे, मग आमकां कित्याक अडयतात?" (कोर्ट तर दिल्लीत ना, मग आम्हाला कशाला अडवता?) तो ओशाळला आणि त्यानेच पुढे धावत जाऊन आमच्या गाडीला वाट करून दिली. नंतर लाठीमार झाला. पुलावर बसून न्यायालयाचा निकाल बदलणार नव्हताच, आणि पणजीकरांच्या मनात खाणवाल्यांबद्दल जी काही कणव होती ती त्या दुपारी आटली. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याला अडवा.

डिचोली, ट्रकमालक
पणजीत एकदा अडकलात म्हणून एवढी आठवण. बँकेचा हप्ता थकला तेव्हा आम्ही पणजीच्या आझाद मैदानात शांतपणे बसलो असतो तर आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. लाठी खाल्ली म्हणून पहिल्या पानावर आलो. काम झालं नाही हे खरं, पण न अडवून तरी कुठे होणार होतं?

केरी, फोंडा
आमच्या भूतखांबच्या पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता. आम्ही अडवलं ते कंपनीच्या गाड्यांना. कदंबची सरकारी बस जाऊ दे, दूधवाला जाऊ दे, हे गावात ठरलेलं होतं, आणि कोणी आगाऊपणा केला तर म्हातारेच त्याला झापत. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीने नीलेश नाईक गेला. त्यानंतर प्रकल्प इथे टिकणं शक्यच नव्हतं, तो तमिळनाडूला गेला. पण आंदोलन यशस्वी झालं असं आमच्याकडे कोणी पटकन म्हणत नाही.

म्हापसा, निवृत्त शिक्षक
धागाकर्त्याचा नियम आम्हाला लागू पडत नाही. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांना बसभाड्यात ५० टक्के सवलत हवी होती. मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांचं सरकार. आम्ही सरसकट बसगाड्या अडवल्या. त्यांत बाजारकरणी होत्या, ऑफिसवाले होते. सगळ्यांनी शिव्या घातल्या. एका बाईची मासळीची पाटी धक्काबुक्कीत कलंडली, बांगडे रस्त्यावर. आम्ही वेचून दिले, तरी तिने आम्हा पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाच. तरीही सवलत मिळाली, आणि तिच्या नातवंडांनीही ती वापरली असेल. लोक चिडले म्हणून मागणी हरते असं नाही. चिडलेले लोक सरकारवरही चिडतात.

मडगाव
डिसेंबर १९८६. कोकणी की मराठी, या राजभाषेच्या वादाचं आंदोलन. रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली, माणसं मेली. आम्ही मराठी शाळेत शिकलेले, शेजारी कोकणीवादी, आणि एकाच विहिरीवर पाणी. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, कोकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. कायदा झाला ना, मग आंदोलन फळलं म्हणायचं. विहिरीवरचं बोलणं मात्र लवकर सुरू झालं नाही. यावर जास्त लिहीत नाही, धागा पेटेल.

सत्तरी
शेळ-मेळावलीला मी माहेरी गेले होते. जानेवारी २०२१, काजूला मोहर आलेला. आयआयटीसाठी सर्वेक्षण करायला पोलीस घेऊन आले. जमीन कागदावर सरकारची, कसणारे पिढ्यान्पिढ्या आम्ही. बायका पुढे बसल्या, मामी तर वाटेवर आडवीच झाली. पोटाशी कोयती धरून ठेवलेली, ती काकीने आधी काढून घेतली, उगाच निमित्त नको म्हणून. ६ तारखेला लाठी आणि अश्रुधूर झाला. त्याचे व्हिडिओ फोनवर फिरले आणि ज्यांनी मेळावली कधी पाहिली नव्हती ते म्हापसा-मडगावचे लोक आमच्या बाजूने बोलायला लागले. १५ तारखेला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचं जाहीर केलं. आम्ही कुणाची रुग्णवाहिका अडवली नव्हती. अडवली असती तर ते व्हिडिओ उलटे फिरले असते.

कुडचडे
नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला रात्री हजारो माणसं रुळांपाशी जमली, रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध. मीही होतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोलेच्या जंगलातल्या त्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. कोर्टात कागद लढले, पण कागद लढवणाऱ्यांना बळ त्या रात्रीने दिलं असं मला वाटतं. गुन्हे मात्र रुळांपाशी होते त्यांच्यावर नोंदले गेले, वकिलांवर नाही.

कळंगुट, टॅक्सीवाला
आमच्या संपांचं सांगतो. गिऱ्हाईक बॅगा ओढत उन्हातून चालत गेलं, आणि जाताना फोनवर टॅक्सीचं ॲप उतरवून घेतलं. ॲपवाल्यांची एवढी जाहिरात त्यांनी स्वतःही केली नसेल. संप करायचा तर भर सीझनला नको, आणि विमानतळावर तर नकोच, हे मी बैठकीत दोनदा बोललो. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तू मग घरी बस."