तालुक्याची डिजिटल स्थिती मोजायची आहे: देशाचा निर्देशांक सत्तरीला लावता येतो का?

प्रश्न: वाळपईकर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काही पंचायतींच्या विकास आराखड्याला ‘डिजिटल स्थिती’ असे प्रकरण जोडायचे ठरले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा, म्हणजे आयटीयूचा, ११ निर्देशकांचा जुना निर्देशांक देशांसाठी होता. तोच तालुक्यासाठी काढावा, असा एक प्रस्ताव आहे. माहिती गोळा करायला बसले की अडते ते इथे:

दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, अहवालात गोव्याची मोबाइल जोडण्यांची संख्या वेगळी सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत इंटरनेट आहे, पण ते फक्त संगणकाच्या जोडीने विचारलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या ७३.७ टक्के महिलांनी इंटरनेट वापरल्याचे दिसते. सत्तरीतले वाडे, म्हणजे गावातल्या छोट्या वस्त्या, डोळ्यांसमोर आणले की हा आकडा पटत नाही.

स्वतः पाहणी केली तर ४०० घरे पुरतील का? आणि नेमके काय विचारायचे?

उत्तर १: आकडेमोड

निर्देशांक काढू नका. तो २००९ ते २०१७ या काळात देशांची क्रमवारी लावायला वापरला गेला. उपलब्धतेला ४० टक्के, वापराला ४० आणि कौशल्याला २० टक्के भार होता. उपलब्धतेतला एक घटक म्हणजे दर इंटरनेट वापरकर्त्यामागे आंतरराष्ट्रीय बँडविड्थ, म्हणजे देशाला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या वाहिन्यांची क्षमता. सत्तरीची आंतरराष्ट्रीय बँडविड्थ म्हणजे काय? अशी गोष्टच नाही. कौशल्याच्या बाजूला उच्च शिक्षणातले पटनोंदणीचे प्रमाण होते. इथली मुले साखळी, फोंडा, म्हापसा, पणजीच्या कॉलेजांत जातात, त्यामुळे कॉलेजच्या पटावरून तालुक्याचे प्रमाण काढलेत तर ते नुसते कॉलेज कुठे बांधले आहे एवढेच सांगेल. शिवाय लँडलाइनला १०० माणसांमागे ६० आणि मोबाइलला १२० जोडण्या हे तेव्हाचे आदर्श मूल्य. आज गावात लँडलाइन घटली म्हणून तुमचा तालुका ‘मागे’ पडेल! आयटीयूने स्वतःच ती पद्धत सोडून २०२३ पासून सार्वत्रिक आणि अर्थपूर्ण जोडणी अशा दोन खांबांवर १० निर्देशकांचा नवा निर्देशांक आणला.

आता तुमचे तीन अडथळे.

ट्राय परवाना क्षेत्रानुसार आकडे देते, आणि गोवा महाराष्ट्र क्षेत्रात येतो (मुंबई त्यातून वेगळी). त्या एकत्रित आकड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात कापून ‘गोव्याचा’ आकडा बनवणारे टिपण पुष्कळदा दिसते. ते करू नका. जोडण्या म्हणजे सिमकार्डे, माणसे नव्हेत. एकाकडे दोन सिम असतात, आणि बाहेरून कामाला आलेला माणूस आपल्या राज्याचे सिम इथे वापरतो, ते मोजले जाते तिकडच्या क्षेत्रात. ट्राय व्हीएलआर पद्धतीने (नेटवर्कवर प्रत्यक्ष चालू दिसलेली सिमे मोजून) सक्रिय जोडण्या वेगळ्या देते, त्याने निष्क्रिय सिम गळतात, पण दुहेरी सिम तसेच राहते. ब्रॉडबँडच्या आकड्यांत आणखी एक खाच: आपल्याकडे किमान वेग आधी ५१२ केबीपीएस होता, २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. आयटीयू अजून २५६ केबीपीएस धरते. जुन्या-नव्या वर्षांची मालिका लावताना हे तळटीपेत आलेच पाहिजे.

आरोग्य पाहणीत प्रश्न आहे ‘कधी तरी’ इंटरनेट वापरले का, आणि तोही १५ ते ४९ वयातल्यांना. आयटीयूची व्याख्या: गेल्या तीन महिन्यांत, कुठूनही, कोणत्याही उपकरणावरून. मुलाच्या फोनवर दोन वर्षांपूर्वी एकदा व्हिडिओ कॉल केलेली बाई पहिल्या प्रश्नात ‘हो’, दुसऱ्यात ‘नाही’. साठीच्या पुढचे तर पहिल्यात मोजलेच जात नाहीत. म्हणजे ७३.७ चुकीचे नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. आणि ही पाहणी जिल्ह्याच्या खाली उतरत नाही.

तुलनेसाठी राष्ट्रीय आकडा हवाच असेल तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे एनएसएसच्या, ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या २३.८ टक्के घरांत इंटरनेट आणि १०.७ टक्के घरांत संगणक होता. २०२५ च्या जानेवारी-मार्चमधल्या दूरसंचार पाहणीत इंटरनेटचा आकडा ८६.३ वर गेला. पण पहिली पाहणी शिक्षणाची, दुसरी खास दूरसंचाराची, त्यामुळे सरळ वजाबाकी करून ‘इतकी वाढ’ असे लिहू नका.

उत्तर २: नमुना_फोंडा

४०० घरांचे उत्तर: नाही पुरणार, आणि त्याचे कारण सत्तरीतच आहे.

नमुन्यात किती घरे हवीत, याला ३८५ हा आकडा सगळीकडे फिरतो. ९५ टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे ५ टक्के चूक, प्रमाण ५० टक्के धरले की तो येतो. पण तो घरे एकेक करून, पूर्ण यादृच्छिक निवडली तरच. तुम्ही वाडे निवडणार आणि प्रत्येक वाड्यातली काही घरे घेणार. नेटवर्क ही वाड्याची गोष्ट आहे. एका घरात सिग्नल नाही तर शेजारच्या नऊ घरांतही बहुधा नाही, म्हणजे दहा मुलाखती घेऊन हाती आली दोन-तीन मुलाखतींएवढीच माहिती. हे साम्य किती, ते ‘रो’ने मोजतात. साक्षरतेसारख्या विषयाला रो कमी धरतात, इंटरनेटला डोंगराळ भागात ०.२५ धरणे शहाणपणाचे. नमुना किती पटीने वाढवायचा, त्याचे सूत्र: १ + (प्रत्येक वाड्यातली घरे − १) × रो.

वाड्यामागे २० घरे: पट ५.७५, एकूण सुमारे २,२१४ घरे.
वाड्यामागे १० घरे: पट ३.२५, सुमारे १,२५२ घरे.
वाड्यामागे ६ घरे: पट २.२५, सुमारे ८६७ घरे, १४५ तुकडे (तुकडा म्हणजे एक वाडा किंवा मोठ्या वाड्याचा भाग).

म्हणजे घरे कमी, वाडे जास्त. पैसे कमी असतील तर चूक ७ टक्क्यांपर्यंत सैल करा: १९६ × २.२५ = ४४१ घरे, ७४ तुकड्यांत. एकंदर चित्रासाठी तेवढे पुरते. पंचायत-पंचायत तुलना मात्र त्यातून काढायची नाही, ग्रामसभेत कोणी कितीही आग्रह धरला तरी.

कुलूपबंद घरे आणि नकार धरून १५ टक्के जादा घ्या, म्हणजे ४४१ ला ०.८५ ने भागून ५१९.

निवडीची यादी कुठून आणायची हा खरा त्रास. पंचायतीची घरपट्टी नोंदवही सगळ्यात हाताशी, पण तिच्यात तीन दोष आहेत: मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्यांची बंद घरे त्यात असतात, एका घर क्रमांकाखाली मागच्या अंगणात पाच भाड्याच्या खोल्या असतात आणि त्यातले कामगार कुठेच दिसत नाहीत, बिनापरवाना घराला क्रमांकच नसतो. मतदार यादी त्याहून वाईट, कारण स्थलांतरित मजूर त्यात नाहीत आणि बाहेरगावी गेलेले आहेत. वीज खात्याच्या घरगुती मीटरांनीही खोल्यांचा प्रश्न सुटत नाही. म्हणून घरपट्टी यादीवरून तुकडे निवडा, पण निवडलेल्या तुकड्यात दोन माणसे अर्धा दिवस फिरवून चुलींची ताजी यादी करा. ज्याची चूल वेगळी ते घर वेगळे. मग त्या यादीतून सहा.

बंद घर मिळाले की शेजारचे घर घेणे हा पाहणीवाल्यांचा लाडका मोह. सक्त मनाई करा. घर तीन वेगवेगळ्या वेळी, एकदा रविवारी, गाठा. दिवसा फक्त म्हातारी माणसे घरी सापडतात आणि वापराचा आकडा खाली येतो.

आणखी एक: घरप्रमुखाला ‘तुमच्या घरात कोण इंटरनेट वापरते’ असे विचारू नका. सासूला सुनेचा वापर माहीत नसतो, आणि मुलगा वडिलांचा वापर नाकारतो. घरातल्या पाच वर्षांवरील सगळ्यांची नावे लिहा, किश तक्त्याने (घरातला एक माणूस यादृच्छिक निवडायचा ठरावीक तक्ता) एकाची निवड करा, त्याच माणसाला विचारा. लहान मुलासाठी पालक बोलले तर चालते. विश्लेषणात त्या माणसाला घरातल्या पात्र माणसांच्या संख्येएवढा भार द्या, हे विसरले की मोठ्या कुटुंबातली माणसे कमी मोजली जातात.

उत्तर ३: टॉवर_आणि_तार

माणसांना विचारण्याबरोबर सिग्नल मोजा, कारण ‘रेंज येते का’ याला लोक ‘येते, कधी कधी’ असे उत्तर देतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

साधे अँड्रॉइड फोन पुरतात. सेटिंगमध्ये फोनची माहिती, त्यात सिमची स्थिती, तिथे सिग्नल डीबीएम या एककात दिसतो, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. फोरजीचा ढोबळ अर्थ: उणे ९० पर्यंत निवांत, उणे १०५ च्या आसपास ओढाताण, उणे ११० च्या खाली संदेश जातो पण व्हिडिओ तुटतो, उणे १२० ला जोडणी धरून ठेवणे कठीण. मोजणी दोन ठिकाणी: अंगणात आणि माणूस जिथे फोन घेऊन बसतो त्या खोलीत. चिऱ्यांच्या जाड भिंतीच्या आत आकडा बराच पडतो, आणि १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झ असेल तर ८५०-९०० पेक्षा जास्त पडतो. प्रत्येक कंपनीचे सिम वेगळे तपासा.

पट्ट्या भरलेल्या आणि तरी पान उघडत नाही, हा वेगळा आजार. तिथे टॉवर आहे, पण टॉवरच्या मागची वाहिनी अरुंद किंवा ग्राहक जास्त. तो पकडायला ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपने सकाळी ११ ला आणि रात्री ९ ला, दोन्ही वेळा वेग मोजा. रात्रीचा वेग फार पडत असेल तर तिथे नवा टॉवर मागून काही होत नाही, फायबर मागा.

आणि मोजणी फक्त मे महिन्यात उरकू नका. जुलैत झाडोरा ओला असतो, सिग्नल आणखी खातो. वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते. विजेच्या खांबांवरून नेलेली केबल झाड पडले की तुटते. उन्हाळ्यात ‘जोडलेला’ वाडा पावसात सलग दिवस बाहेर राहू शकतो. प्रश्नावलीत ‘गेल्या पावसात सलग एक दिवसाहून जास्त नेट बंद होते का’ हा प्रश्न घाला.

कंपन्यांचा ‘लोकसंख्येपर्यंत पोहोच’ हा आकडा बाहेरच्या सिग्नलवर असतो. तुमचा आतला आकडा त्याच्याशी जुळणार नाही, आणि तो जुळवायचाही नाही. दोन्ही शेजारी छापा.

वाळपईकर

छान, आभारी आहे. म्हणजे सिग्नल नसलेल्या वाड्यांची यादी करून टॉवरचा प्रस्ताव जोडला की आराखड्याचा भाग झाला?

उत्तर ४: पंचायत_वही

तिथेच घाई नको, बाब. टॉवर हा सगळ्यात दिसणारा उपाय म्हणून सगळ्यात आधी सुचतो. वापर न करणाऱ्यांतला किती भाग सिग्नलमुळे बाहेर आहे, ते आधी काढा. माणसामागे पायऱ्या लावा आणि तो कुठल्या पायरीवर थांबला ते नोंदवा:

खोलीत सिग्नल आहे → घरात चालू फोन आहे → तो फोन याच्या हाती रोज येतो → गेल्या ३० दिवसांत डेटा रिचार्ज होता → गेल्या तीन महिन्यांत वापरला → दुसऱ्याच्या मदतीशिवाय एक काम पुरे केले.

समजा, १०० पैकी ४० जण वापरत नाहीत. त्यातले १० पहिल्या पायरीवर, ४ दुसऱ्या, १४ तिसऱ्या, ५ चौथ्या आणि ७ पाचव्या पायरीवर थांबले. टॉवरने सुटणारे फार तर १० (आकडे नमुन्याचे, सत्तरीचे नव्हेत). तिसऱ्या पायरीवरच्या १४ जणांना, म्हणजे फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असलेल्यांना, टॉवर काय करणार?

‘का वापरत नाही’ याला पहिले उत्तर हमखास ‘गरज नाही’ असे येते. ते लिहून घ्या आणि पुढे विचारा: रेशनचे, पेन्शनचे, वीजबिलाचे काम कोण करून देते? नाव सांगितले की गरज आहे, हात नाही. तो माणूस ‘गरज नाही’त न टाकता ‘दुसऱ्याकडून’ या वेगळ्या रकान्यात टाका.

उलटी चूकही होते. ‘इंटरनेट वापरता?’ ‘नाही.’ ‘व्हॉट्सअ‍ॅप?’ ‘ते आहे.’ म्हणून इंटरनेट हा शब्द शेवटी, आधी व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, पैसे पाठवण्याचे अ‍ॅप यांची नावे घेऊन विचारा. प्रश्नावली कोकणी आणि मराठीत, आणि भाड्याच्या खोल्यांसाठी हिंदी-कन्नड बोलणारा एक जण सोबत.

संगणकाच्या प्रश्नात डेस्कटॉप, लॅपटॉप, टॅबलेट येतात, स्मार्टफोन येत नाही. चालू स्थितीतला असेल तरच मोजा. सायबरएज या विद्यार्थ्यांना संगणक देणाऱ्या सरकारी योजनेखाली मिळालेला आणि आता कपाटावर ठेवलेला नको.

खर्चाची तुलना राज्याच्या दरडोई उत्पन्नाशी केलीत तर गोव्यात सगळे स्वस्तच दिसेल, कारण आपले दरडोई उत्पन्न देशात अगदी वरचे. घरातल्या सगळ्या रिचार्जची महिन्याची बेरीज त्या घराच्या महिन्याच्या खर्चाने भागा आणि सगळ्यात कमी खर्च करणाऱ्या पाचव्या हिश्श्यातल्या घरांचे प्रमाण वेगळे छापा.

मग आराखड्यात पायरीमागे एक ओळ: कोणी करायचे, किती माणसांसाठी, पुढच्या वर्षी कुठल्या प्रश्नाने तपासायचे. ‘अमुक उपकरणे वाटली’ हे उद्दिष्ट नको, ‘तिसऱ्या पायरीवरचे १४ वरून ८’ असे लिहा. टॉवरच्या ओळीत जमीन कोणाची हेही लिहा: पंचायतीची, कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), खाजगी की म्हादई अभयारण्यातली. शेवटच्या बाबतीत वन आणि वन्यजीव परवानगीला लागणारा वेळ धरूनच वर्ष टाका. मार्गाधिकाराचे, म्हणजे टॉवर-केबलसाठी जागा वापरू देण्याचे, नवे केंद्रीय नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, अर्जांची मुदत त्यांवरून काढा, जुन्या फायली पाहून नको.

उत्तर ५: आकडेमोड

एक राहिले. वापराचा पुरावा म्हणून सरकारी सेवांच्या गोवा ऑनलाइन पोर्टलवरच्या अर्जांची संख्या जोडायचा मोह होईल. बाजारातल्या सेवा केंद्राचा एकच माणूस दिवसभर गावाचे अर्ज भरतो. अर्जांवरचे मोबाइल क्रमांक तपासायला मिळाले, तर एकाच क्रमांकावरून आलेले अर्ज वेगळे काढा. ते नाही मिळाले तर तो आकडा ‘सेवांची मागणी’ या मथळ्याखाली ठेवा, वापराच्या तक्त्यात नको. आणि अर्जदारांची नावे-क्रमांक असलेली फाइल पंचायतीच्या संगणकावर ठेवू नका. मोजून झाले की पुसा, टिपणात फक्त बेरजा.