मदत हवी आहे : शोकेसमधल्या फिगर आणि भातुकलीला कोणता लाइट लावू?

मंडळी, घरच्या शोकेसमध्ये लाइट लावायचाय. जितक्या जणांना विचारलं तितकी उत्तरं मिळाली, म्हणून इथे आलो. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (श्लेष आपोआप झालाय, मुद्दाम केलेला नाही.)

आधी परिस्थिती सांगतो. गोरेगावात पाचव्या मजल्यावर फ्लॅट, हॉलची खिडकी पश्चिमेला. शोकेस सुताराकडून करून घेतलेली आहे. पाच फूट उंच, तीन फूट रुंद, फूटभर खोल. प्लायवूडला सनमायका, आत काचेच्या फळ्या, पुढे सरकत्या काचा. वरच्या फळ्यांवर माझ्या बावीस जपानी अॅनिमे फिगर (म्हणजे कार्टूनमधल्या पात्रांचे छोटे पुतळे), सगळ्या पीव्हीसीच्या. मध्ये रेझिनचे दोन मावळे, हाताने रंगवलेले. सगळ्यात खाली आईची लाकडी भातुकली, आजोबांनी सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली. बायकोच्या मते शोकेसमधला ऐवज तेवढाच, बाकीचं प्लास्टिक.

एकदा हात पोळलेत. दोन वर्षांपूर्वी एका दुकानाच्या माणसाने एलईडी पट्टी लावून दिली. पहिल्याच पावसाळ्यात तिचा गोंद सुटला आणि पट्टी तोरणासारखी लोंबायला लागली. काढायला गेलो तर ड्रायव्हर (घरची वीज पट्टीला लागेल तेवढ्या व्होल्टवर आणणारा डबा) सगळ्यात वरच्या फळीमागे, शोकेसच्या आतच कोंबलेला, आणि इतका गरम की हात ठेववेना. त्याच फळीवरची तलवारवाली फिगर त्या उन्हाळ्यापासून पुढे झुकलीये. अजून तशीच आहे, कोणाची तरी माफी मागत असल्यासारखी.

आता दुसरा दुकानदार 'यूव्ही फिल्टरवाली' महागडी पट्टी घ्या म्हणतो. वायरमन म्हणतो वर दोन हॅलोजन मारू, सोनाराच्या दुकानासारखं झगमगेल. मित्र म्हणतो काहीच लावू नकोस, रंग उडतील. नेमकं काय करू? रोज संध्याकाळी तीनेक तास लाइट चालू राहील.

थ्रीफेज

वायरमनला चहा पाजा आणि हॅलोजन परत न्यायला सांगा. हॅलोजनमध्ये विजेचा बराचसा भाग उष्णता होऊनच बाहेर पडतो, आणि ती किरणांबरोबर थेट मूर्तीवर येते. एलईडीचं तसं नाही. त्याची उष्णता पट्टीच्या पाठीमागे आणि ड्रायव्हरमध्ये साठते. म्हणजे ती कुठे जाऊ द्यायची हे आपल्या हातात असतं, आणि तुमच्या पहिल्या माणसाने तिला आतच कोंडलं.

हिशेब करून टाकू. पट्ट्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या लावा, वर छताला नको. वरून उजेड पडला की डोकी चमकतात आणि चेहरे अंधारात जातात, शिवाय प्रत्येक फळीची सावली खालच्या फळीवर पडते. दोन्ही बाजू मिळून दहा फूट, म्हणजे तीन मीटर. १२ व्होल्टची, मीटरला ४.८ वॅटची साधी पट्टी घेतली तर एकूण १४.४ वॅट, म्हणजे १.२ अँपिअर. ड्रायव्हर २ अँपिअरचा घ्या, म्हणजे तो धापा टाकणार नाही. दुकानदार मीटरला १४.४ वॅटवाली गळ्यात मारेल. तीन मीटरला ४३ वॅट होतात, आणि ते बंद पेटीत. नको.

पट्टी सनमायक्यावर थेट चिकटवू नका. अॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी बसवायची लांब खाच मिळते, दुधी कव्हर असलेली. ती स्क्रूने बसवा आणि पट्टी तिच्यात. उष्णता अॅल्युमिनियम ओढून घेतं, उजेडाचे ठिपके दिसत नाहीत, आणि पावसाळ्यात गोंदाने दगा दिला तरी पट्टी प्रोफाइलमध्येच राहते. ड्रायव्हर शोकेसच्या बाहेर, हवा लागेल अशा जागी. २३० व्होल्टची वायर आत शिरताच कामा नये, आत जाईल ती फक्त १२ व्होल्टची. ड्रायव्हरवर बीआयएसचा आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बघून घ्या.

चौपाटीकर

एवढं कशाला, हॉलची ट्यूब पुरत नाही का? आमच्या घरी शंकराची मूर्ती तीस वर्षं ट्यूबखाली आहे, काही झालं नाही.

थ्रीफेज

मूर्ती कशाची?

चौपाटीकर

पितळेची.

थ्रीफेज

मग काय होणार!

लाखकाम

संग्रहालयांशी थोडा संबंध आहे, म्हणून लिहितो. यूव्ही फिल्टरचे पैसे वाचवा. साध्या पांढऱ्या एलईडीतून यूव्ही जवळजवळ निघतच नाही, मग गाळायचं काय? तुमचा यूव्हीचा शत्रू पश्चिमेच्या खिडकीत बसलाय. खिडकीची काच यूव्हीतला काही भाग अडवते, पण बराचसा आत येऊ देते. शोकेसची काचही तेच करते.

उजेडाचं नुकसान साठत जातं. लक्स (वस्तूवर किती उजेड पडतो त्याचं माप) गुणिले तास असा हिशेब धरतात. कापड, जलरंग अशा नाजूक वस्तूंना संग्रहालयात साधारण ५० लक्स ठेवतात, तैलरंग आणि रंगवलेल्या लाकडाला २०० पर्यंत चालतं. तुम्ही १०० लक्स ठेवलेत आणि रोज तीन तास लावलंत, तर दिवसाचे ३०० लक्स-तास. थेट ऊन सहज ५०,००० लक्सचं असतं. ते बारा मिनिटं पडलं की १०,००० लक्स-तास झाले, म्हणजे तुमच्या पट्टीची महिन्याभराहून जास्त कमाई एका दुपारी. मित्राला सांगा, रंग लाइटने नाही, उघड्या पडद्याने उडतील. शोकेस खिडकीच्या रेषेतून हलवता आली तर सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

पीव्हीसीचा वेगळा ताप असतो. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं. उष्णतेत आणि कोंडलेल्या हवेत ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट लागते. मग तिच्यावर धूळ बसते ती निघता निघत नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने चिकटपणा जातो, पण कारण तसंच राहिलं तर परत येतो. मागच्या प्लायला वर-खाली दोन भोकं पाडून जाळी लावा.

खरी काळजी घ्या ती भातुकलीची. ही खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. दिवा लागला की आतली हवा तापून कोरडी होते, विझला की पुन्हा दमट. लाकूड रोज थोडं आकसतं, थोडं फुगतं, वरचा रंग मात्र तितका ताणला जात नाही आणि तडे जातात. मुंबईच्या दमट हवेत हा खेळ जास्तच. म्हणून ती सगळ्यात खाली आहे ते बरंच आहे, तिथे उष्णता कमी पोचते. त्या फळीपुढे पट्टी आणूच नका.

थ्रीफेज

लाखकाम यांना अनुमोदन. फक्त डिमर घ्याच, नाहीतर १०० लक्स ठेवणार कसं? मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप आहेत. अचूक नसतात, पण अंदाज येतो.

शिवणकाम

रंग कोणता घ्यायचा ते कोणी सांगितलंच नाही. 'डे लाइट' अजिबात नको, दवाखाना वाटतो. ३००० केल्विनची वॉर्म, म्हणजे पिवळसर घ्या आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरची मागा, नाहीतर लाल रंग मेलेला दिसतो.

थ्रीफेज

अॅनिमेचे निळे-जांभळे केस ३००० मध्ये मळकट दिसतात असं माझं मत. ४००० बघा. सीआरआयबद्दल मात्र एकदम बरोबर.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल एक प्रयोग केला. जुनी पट्टी परत जोडली आणि आत स्वयंपाकघरातलं डिजिटल थर्मामीटर ठेवलं. ड्रायव्हर आत ठेवून दोन तासांनी वरची फळी ३८ अंश, हॉल ३१. ड्रायव्हर बाहेर काढून तितक्याच वेळाने वरची फळी ३३. पट्टी तीच, फिगर त्याच. दोन वर्षं दोष पट्टीला देत होतो.

पडदा बदलायचं बायकोने लगेच मान्य केलं. तिला तो तसाही आवडत नव्हता. शोकेस हलत नाही, भिंतीला ठोकलेली आहे.

शनिवारी लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जातोय. ३००० आणि ४००० दोन्हींचे एकेक फुटाचे तुकडे मागून आणतो आणि मावळ्यांपुढे धरून बघतो. आता एकच शंका उरली : सरकत्या काचेचा चॅनल पुढच्या कोपऱ्यातच आहे, त्यामुळे प्रोफाइलला जेमतेम पाऊण इंच जागा मिळते. ४५ अंशात बसणारं कोपऱ्याचं प्रोफाइल तिथे मावेल का? कोणी बसवलं असेल तर फोटो टाका.