अनुभव धागा: पाथ विंडोजचा, सर्व्हर लिनक्सचा

प्रोग्राम एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर नेताना फाइलच्या पाथने (फाइल कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात आहे ते सांगणाऱ्या पत्त्याने) आपल्याला कुठे अडवले आणि त्यामागे लायब्ररीची (प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडची) नेमकी कोणती वागणूक होती, हे इथे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

आमच्याकडे येणाऱ्या अर्जांसोबत विंडोजवरील एक जुना प्रोग्राम 'सी:\दप्तर\अर्ज.पीडीएफ' असा पूर्ण पाथ पाठवत असे. सर्व्हर लिनक्सचा. नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) 'पाथ.बेसनेम'ने त्यातून केवळ फाइलचे नाव काढून द्यावे अशी अपेक्षा होती, पण हाती येई ती अख्खी ओळ, कारण लिनक्सच्या लेखी बॅकस्लॅश हे नावात चालणारे साधे अक्षर आहे आणि लायब्ररी पाथ कुठून आला हे न पाहता स्वतः कुठे चालते आहे तेवढेच पाहते. 'पाथ.विन३२.बेसनेम' असे स्पष्ट लिहिल्यावर त्याच सर्व्हरवर नाव बरोबर मिळू लागले. पायथनमध्ये ही सोय 'पाथलिब'मधील 'प्युअरविंडोजपाथ' देतो.

प्रतिसाद, नाशिक

विंडोजवर पायथनच्या, पाथचे तुकडे जोडणाऱ्या 'ओएस.पाथ.जॉइन'ला 'सी:' आणि 'नोंदी' दिले, की 'सी:नोंदी' मिळते; मध्ये बॅकस्लॅश येत नाही. त्याचा अर्थ सी ड्राइव्हवरील चालू फोल्डरातील नोंदी. त्यामुळे हाताने चालवताना बिनतक्रार चालणारा प्रोग्राम रात्री आपोआप सुरू झाला, की चालू फोल्डर वेगळे असल्याने भलत्याच फोल्डरात लिहीत असे. हे दस्तऐवजात नमूद आहे, पण ते वाचतो कोण!

प्रतिसाद, पुणे

गो भाषेत 'पाथ' आणि 'फाइलपाथ' ही दोन पॅकेजेस वेगळी आहेत, हे मला फार सोयीचे वाटते. वेबपत्ते जोडायला पहिले, डिस्कवरच्या फायलींसाठी दुसरे.

प्रतिसाद, कोल्हापूर

आमची अडचण स्लॅशची नव्हे, 'ऱ' या अक्षराची होती. युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) 'ऱ' एकसंध (क्रमांक ०९३१) लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा जोडीनेही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावे सुटी करून साठवत असे, तर लिनक्स मिळालेले बाइट जसेच्या तसे ठेवते. परिणामी 'शेतकऱ्यांची यादी' ही फाइल मॅकवरून सर्व्हरवर आल्यावर डोळ्यांना दिसे, पण प्रोग्रामला सापडत नसे. दोन्ही नावे पायथनच्या 'युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ'मधून एनएफसी, म्हणजे एकसंध, रूपात आणून मगच तुलना केल्यावर शोध लागू लागला. मॅकची नवी फाइलव्यवस्था, एपीएफएस, फाइलच्या नावाचे मूळ रूप जपते. जुन्या बॅकअपमधून मात्र सुटा 'ऱ' अजूनही येतो, म्हणून ती ओळ आम्ही काढलेली नाही.