रेकॉर्डी ऐकायच्या तर सोलापुरात डायरेक्ट-ड्राइव्हच घ्यावं

शहाबादी_फरशी

मत आधी सांगतो, कारणं मागाहून. घरात आजोबांच्या-वडिलांच्या रेकॉर्डी आहेत, नवं टर्नटेबल घ्यायचंय आणि मुक्काम सोलापुरात आहे, तर रबरी पट्ट्यावर फिरणाऱ्या यंत्राच्या नादी लागू नका. पुण्या-मुंबईचे हौशी लोक "पट्ट्याचा आवाज गोड" म्हणतात. म्हणोत बापडे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३च्या वर जातो. वरच्या मजल्यावरच्या, त्यातून पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. ताणून बसवलेलं रबर असे उन्हाळे काढून सैल पडतं आणि मग स्वर लोंबायला लागतो. डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये मोटर आणि थाळी यांच्यामध्ये काही नाहीच. थाळीच्या पोटाशी चुंबक, त्याच्या खाली कॉइल. म्हणजे थाळी हाच मोटरीचा फिरता भाग. मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाखाली १९७० साली एसपी-१० बाजारात आणलं, १९७२ साली एसएल-१२०० आलं आणि १९७९च्या मार्क टूमध्ये वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचा पहारा बसला. वेगाची डुगडुग, म्हणजे वॉव-फ्लटर, ०.०२५ टक्के, आणि बटण दाबल्यापासून ०.७ सेकंदात पूर्ण वेग. तेव्हाची यंत्रं आजही चालू आहेत.

दुसरं कारण आपल्या कानाचं. आपण ऐकतो काय? ख्याल, नाट्यपदं, अभंग. ढोल-गिटारच्या गाण्यात वेग किंचित हलला तर खपून जातं. विलंबितात गवयाने षड्जावर ठाण मांडलंय, मागे तानपुरे वाजताहेत, आणि तो षड्ज हेलकावे खातोय, हे सहन होत नाही.

मांडणी सोपी आहे. शहाबादी फरशीचा दोन बाय दीड फुटाचा तुकडा, खाली रबराचे चार जाड ठोकळे, वर यंत्र. गवंड्याची पाणसळ दोन्ही दिशांनी लावून सपाटी बघायची. आता बोला.

पट्टाप्रेमी_होटगी_रोड

०.०२५ टक्के वाचून गंमत वाटली. रेकॉर्डचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल आणि सुई मध्यापासून दहा सेंटिमीटरवर असेल, तर एका फेरीत वेग अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. मोजायची पद्धत थोडी वेगळी धरली, तरी तुमच्या मोटरीच्या चुकीपेक्षा ही चूक कितीतरी पट मोठी. जुन्या रेकॉर्डींत अशी भोकं किती असतात ते वाजवणाऱ्यांना माहीत आहे. सुई धरणारा हात, म्हणजे टोनआर्म, डावी-उजवीकडे डुलताना दिसला की समजायचं. तुमचा षड्ज तिथे हलतो. स्फटिकाला ते कळत पण नाही. थाळी बरोबर फिरतेय, त्याचं काम झालं.

पट्ट्याचं म्हणाल तर तो बदलायला दोन मिनिटं लागतात आणि काही शे रुपये. सैल पडला तर पडला. उलट तो रबरी आहे म्हणूनच मोटरीची थरथर थाळीपर्यंत येत नाही. तुमच्या यंत्रात मोटर सुईच्या बरोबर खाली बसलेली आहे.

आणि पैशाचा हिशेब करा की. स्वस्तातल्या डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये पैसा कुठे जातो? मोटर, सर्किट, वेग कमी-जास्त करायची पट्टी, वेग तपासायचा लुकलुकणारा दिवा. त्याच किमतीच्या पट्ट्याच्या यंत्रात तो चांगल्या टोनआर्मला आणि बेअरिंगला मिळतो. ती पट्टी आणि तो दिवा डीजेसाठी आहेत. सोलापुरात डीजे म्हटलं की काय आठवतं ते मी सांगायला नको.

शहाबादी_फरशी

मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरशी एसएल-१२००चा संबंध जोडताय तर तोच मुद्दा माझ्या बाजूने वापरतो. डीजेंनी हे यंत्र का उचललं? मोठ्या स्पीकरच्या शेजारी ठेवूनही ते घुमत नाही म्हणून. मार्क टूचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव, खाली जड रबराचा थर, वजन बारा किलोच्या आसपास. क्लबातल्या दणक्यात जे टिकलं ते आमच्या बैठकीच्या खोलीत टिकणार नाही होय?

"मोटर सुईखाली" हा आक्षेप जुना आहे आणि एकेकाळी त्यात तथ्य होतं. लोखंडी गाभ्याच्या मोटरीत फिरताना बारीक अडखळ येते. म्हणून २०१६ साली एसएल-१२०० पुन्हा सुरू करताना वरच्या मॉडेलात गाभा नसलेली मोटर घातली. भोकाचा मुद्दा मान्य, पण ती चूक दोन्ही प्रकारच्या यंत्रांत सारखीच येणार. रेकॉर्ड वाकडी आहे म्हणून यंत्रही वाकडं घ्यायचं, हे कुठलं शास्त्र?

मागाच्या_शेजारी

तुम्ही दोघं होटगी रोडच्या शांततेत बसून भांडताय. मी पूर्व भागात राहतो. भिंतीपलीकडे माग. मिनिटाला शंभरावर फटके, सकाळपासून रात्रीपर्यंत. माझ्या घरात पट्टा की डायरेक्ट हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे.

इथे पहिली वाट लागते ती मऊ स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या जुन्या पट्ट्याच्या यंत्रांची. लोकांना वाटतं स्प्रिंग आहे म्हणजे धक्का शोषला जाणार. बारीक थरथर शोषली जाते, हे खरं. पण मागाचा फटका संथ आहे, सेकंदाला दोन-अडीच. अशा संथ झोक्यावर स्प्रिंग स्वतःच डुलायला लागते. जड, घट्ट बसलेलं यंत्र इथे बरं. म्हणजे शहाबादीचं उत्तर बरोबर आहे, कारण मात्र उन्हाळा नव्हे.

दुसरा त्रास तुसाचा. मागावरून सुताचा तूस उडतो आणि खोलीभर बसतो. एक बाजू वाजेपर्यंत सुईच्या टोकाला कापसाचा बोळा. म्हणून यंत्राला झाकण हवंच, वाजताना उघडं ठेवायचं असलं तरी. सुईचा ब्रश मागून पुढे फिरवायचा, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने. आडवा फिरवला की सुईची दांडी गेली.

फाइलवाला

बे, सगळे वाचून दमलो. सीडीला वॉव नाही, फ्लटर नाही, पट्टा नाही, तूस नाही. साध्या फोनला बरा डॅक (फाइलचे आकडे आवाजात बदलणारी डबी) जोडा, तुमच्या षड्जाला धक्का लागणार नाही. पन्नास वर्षं मागे जाऊन फरशा कशाला शोधताय? ज्यांना स्वर स्थिर हवा त्यांनी रेकॉर्ड ऐकावी, हे मुळात उलटं आहे.

पट्टाप्रेमी_होटगी_रोड

ह्यांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच "वेग, वेग" करत डायरेक्ट-ड्राइव्ह विकत घेणारे मला समजत नाहीत. वेगच हवा तर फाइल ऐका.

७८_फेरे

फाइलवाल्यांना एवढंच, की माझ्याकडच्या निम्म्या तबकड्या कुणी फायलीत उतरवलेल्याच नाहीत. जे आहे ते लाखेत आहे, आणि ते सुईनेच निघतं.

पण शहाबादीसाहेब, तुम्ही "आजोबांच्या रेकॉर्डी" म्हणालात आणि पुढे मार्क टूचं कौतुक केलंत. आजोबांच्या म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या असणार ना? मार्क टूला ३३ आणि ४५ एवढेच वेग. वेगाची पट्टी कितीही ओढली तरी आठ टक्क्यांपलीकडे जात नाही. ७८ला कसं पोचणार? २०१९च्या मार्क सेव्हनमध्ये ७८ आहे. घेताना हे आधी बघा.

सुईही वेगळी. एलपीची, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या विनाइल रेकॉर्डची, सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते, खरखर जास्त आणि गाणं कमी. ७८ला साधारण तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची ०.७ मिलच्या आसपास. इथे मात्र टेक्निक्ससारख्या यंत्रांचा एस आकाराचा आर्म फार सोयीचा. हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचं सुई बसवायचं कवच, आटे फिरवून निघतं, दोन हेडशेलांवर दोन सुया तयार ठेवायच्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत तर कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) तेच राहतं आणि नुसती सुई बदलते. त्यात ७८ची सुईही मिळते.

वेगाची पट्टी डीजेसाठी, असं कुणीतरी वर म्हणालं. चूक. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या नेमक्या ७८वर कापलेल्याच नव्हत्या, कुठली सत्तरच्या पुढे तर कुठली ऐंशीवर. गायकाची पट्टी माहीत असेल तर पेटी घेऊन बसायचं आणि वेग सरकवून स्वर जुळवायचा. पट्ट्याच्या किती यंत्रांत हे जमतं?

एक धोक्याची सूचना: स्पिरिटने ७८ पुसू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एलपीच्या विनाइलला ज्याने फायदा होतो त्यानेच ही खराब होते. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड. लेबल कोरडं ठेवा.

नवी_पेठेतला_नवखा

सर्वांना नमस्कार. वाचून डोकं गरगरलं, पण थांबवत नाही. एका ओळखीच्यांकडे अमेरिकेतून आणलेलं पट्ट्याचं यंत्र आहे, फुकटात देताहेत. दुसरीकडे जपानहून आलेलं जुनं डायरेक्ट-ड्राइव्ह विकायला आहे. कुठलं घेऊ?

पट्टाप्रेमी_होटगी_रोड

अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असणार, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि हे माझ्या विरोधात जातंय तरी सांगतो: मोटर जुनी सिंक्रोनस एसी असेल तर ती विजेच्या हर्ट्झवर फिरते. तिकडे ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ३३⅓ऐवजी थाळी फिरेल २७.८ फेऱ्यांनी. काळी चार पट्टीत गाणारी बाई थेट पांढरी चारला उतरेल. मोटरीची पुली ५० हर्ट्झची मिळाली तरच घ्या, नाहीतर फुकटातलंही महाग.

शहाबादी_फरशी

जपानचं यंत्र १०० व्होल्टचं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर चांगल्या क्षमतेचा घ्या आणि यंत्रापासून लांब ठेवा. कार्ट्रिजजवळ ठेवलात तर गुणगुण ऐकत बसाल. हर्ट्झचा प्रश्न क्वार्ट्झवाल्याला नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवलं तरी वेग तोच.

विकत घेण्याआधी करायच्या गोष्टी: दिवा लावून थाळीच्या कडेचे ठिपके बघा. मार्क टूवर चार ओळी असतात. शून्याची ओळ जागच्या जागी उभी दिसायला हवी. मग आर्म हवेत तरंगता ठेवून अलगद बोट लावा. आडवा-उभा अडखळत असेल तर आर्मचं बेअरिंग गेलं, परत या. मोटर सहसा खराब होत नाही, पण पन्नास हातांनी ओढलेला आर्म होतो.

आणि कुरिअरने मागवू नका. थाळी काढलेली, आर्मच्या मागचं वजन काढलेलं, आर्म बांधलेला, असं मांडीवर घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने या.

नवी_पेठेतला_नवखा

आणि घरी आल्यावर? सुई किती दाबायची? मेकॅनिक म्हणतो एक रुपयाचं नाणं ठेवलं की झालं.

७८_फेरे

त्या मेकॅनिकला चहा पाजा आणि घरी पाठवा. कार्ट्रिजच्या कागदावर वजन छापलेलं असतं. ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम. मागचं वजन फिरवत आर्म आडवा तरंगेल असा करा, मग आकड्यांची रिंग शून्यावर आणा, मग रिंगसकट फिरवून छापील वजनावर या. अँटिस्केट, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनचा उलटा ताण, तेवढंच. वजन फार कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

टेक्निक्सच्या आर्मला सुईचं टोक हेडशेलच्या रबरी वॉशरपासून ५२ मिलिमीटरवर यायला हवं.

पट्टाप्रेमी_होटगी_रोड

५२वर थांबू नका. ते कारखान्याचं माप. छापील प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायचा तक्ता) मिळतो, त्यावर मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन बिंदूंवर कार्ट्रिज खाचेला सरळ बसवा, बऱ्याचशा बाजूभर विकृती कमी येते.

७८_फेरे

पण शेवटच्या इंचात वाढते, आणि आपली भैरवी तिथेच असते. कारखान्याच्या मापात आतल्या खाचा सांभाळल्यात. मी ५२वरच राहणार.

पट्टाप्रेमी_होटगी_रोड

राहा. माझ्या प्रोट्रॅक्टरला भैरवी चालते.

नवी_पेठेतला_नवखा

घर जुनं, माळवदाचं. जमीन चालताना हलत नाही, पण अर्थिंग नाही. सॉकेटला दोनच भोकं. चालेल?

शहाबादी_फरशी

वाजेल, पण घरघर येऊ शकते. यंत्राची बारीक अर्थवायर सुईचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला जोडा, ती सॉकेटची अर्थिंग नव्हे. तेवढ्याने बहुतेक घरघर जाते. पण घराला अर्थिंग करून घ्याच. ते रेकॉर्डीसाठी नाही, जिवासाठी. आणि हो, अ‍ॅम्पवर फोनो लिहिलेलं नसेल तर वेगळा प्रीअ‍ॅम्प लागेल. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. ते उलटं केल्याशिवाय आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

जागा म्हणाल तर माळवदाच्या भिंती जाड असतात. भिंतीत ब्रॅकेट ठोका, त्यावर फरशी. टेबलापेक्षा बरं.

मागाच्या_शेजारी

ब्रॅकेट ठोकण्याआधी भिंतीपलीकडे काय आहे ते बघ. हा भिंतीचा सल्ला सगळे देतात. माझी भिंत मागांची सामाईक आहे. ब्रॅकेटवर ठेवलं तर आर्म ठेका धरतो. मी जमिनीवर, समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, फरशीवर फरशी ठेवून बसवलंय. खाली बसून रेकॉर्ड लावावी लागते. आणि दुपारी वाजवत नाही; पाळी बदलायच्या वेळी माग थांबतात, तेव्हा एक बाजू होते.