सोलर प्रकल्पात 'भागीदार' व्हावं का? मदत हवी आहे

मंडळी, भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, मंजूर भार 180 किलोवॅट. छताचे जुने सिमेंटचे पत्रे पाय ठेवला की कुरकुरतात, तिथे पॅनेल विसराच. आता एक खासगी वीज उत्पादक सोलापूरकडच्या प्रकल्पातून ग्रुप कॅप्टिव्हने, म्हणजे वीज वापरणारेच मिळून प्रकल्पाचे भागीदार होतात त्या पद्धतीने, वीज देतो म्हणतोय. 2022 च्या नियमांनी ग्रीन ओपन अ‍ॅक्सेसची (वीज कंपनीऐवजी थेट दुसऱ्या उत्पादकाकडून हरित वीज घेण्याची) किमान भाराची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आली, म्हणून आम्हालाही विचारतात, नाहीतर कोण विचारतंय! ग्राहकांनी मिळून प्रकल्पाचं किमान 26 टक्के भागभांडवल घ्यायचं, त्याची किमान 51 टक्के वीज वापरायची, मग क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त विजेची भरपाई म्हणून बाहेरून वीज घेणाऱ्यावर लागणारा आकार) नाही. पण सगळ्यांचा मिळून वापर 51 च्या खाली गेला तर भुर्दंड कोणावर? करार 15 वर्षांचा आहे. मधेच शॉप चाकणला हलवलं तर शेअरचे पैसे सुटतात का? कोणी सही केली असेल तर व्हीलिंग (वीज वाहून आणायचं तारांचं भाडं) धरून युनिट कितीला पडतं ते सांगा.