अनुभव धागा: ज्यू घरांतली दयामाया, मापासकट

सुरुवात
मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेल्या सिनेगॉगचं नाव शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचा दरवाजा. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्याला 'जुनी मशीद' म्हणत. या धाग्यावर ज्यू रीतीतल्या अशाच दयामायेबद्दल आपापल्या टोपणनावाने लिहा, पण प्रवचन नको. कधी, किती, कसं आणि कुठे चुकतं, एवढंच लिहा.

बांधावरची
बायबलमधल्या 'लेवीय' पुस्तकाचा अध्याय १९ सांगतो, शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडा. किती, ते तिथे नाही. मिश्नाने, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहाने, किमान साठावा हिस्सा ठरवला. तो शेवटच्या कडेलाच सोडायचा. मधेच कुठेतरी सोडला तर मालक आपल्या गरीब भाच्याला गुपचूप बोलावणार, आणि बाकीचे दिवसभर ताटकळणार. कापताना एक-दोन कणसं सांडली तर ती गरिबांची, एकदम तीन सांडली तर मालकाची.

रेवदंडा
आजाऱ्याला भेटायला दिवसाच्या पहिल्या तीन तासांत जाऊ नये, शेवटच्या तीनमध्येही नाही. सकाळी तो तरतरीत दिसतो, मग त्याच्यासाठी प्रार्थना करायची राहूनच जाते; संध्याकाळी इतका मलूल की आपलाच धीर सुटतो. जवळच्यांनी लगेच जावं, लांबच्यांनी तीन दिवसांनी. जुने ज्यू धर्मगुरू रब्बी आकिवा आजारी शिष्याकडे गेले तेव्हा खोली झाडून घेतली, पाणी शिंपडलं. आपण सफरचंदं नेतो आणि खुर्ची अडवून बसतो!

मसूरवाली
दफनावरून परतल्यावर घरच्यांचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी न्यायचं, त्यांच्या चुलीवरचं नाही. उकडलेली अंडी आणि मसूर. मसुराला 'तोंड', म्हणजे इतर कडधान्यांसारखी खाच, नाही, तसंच दुःखातल्या माणसालाही शब्द नसतात. अंडी सोलूनच न्या.

तालमूदमधली, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातली, एक नोंद मला फार आवडते. पूर्वी श्रीमंत हे जेवण सोन्याचांदीच्या टोपल्यांतून नेत, गरीब सोललेल्या वाळुंजाच्या. गरीब ओशाळायचे. मग ठरलं की सगळ्यांनीच वाळुंजाच्या टोपल्या वापरायच्या. स्टीलचे तीन मजली डबे मिरवत नेणाऱ्यांनी वाचावं.

बसल्यावर आधी आपण बोलायचं नाही, घरच्यांनी तोंड उघडेपर्यंत थांबायचं. गोची इथेच होते. शांतता सोसवत नाही, मग कुणीतरी 'वय झालंच होतं' म्हणून टाकतं.

उधारउसनवार
उसने पैसे बिनव्याजी, पण साक्षीदारासमोर किंवा लिहून द्यायचे. तोंडी व्यवहारात पुढे भांडण ठरलेलं. ऋणको फेडू शकत नाही हे माहीत असेल तर त्याच्या समोरून उगाच जायचंही नाही. गहाण आणायला घरात शिरायचं नाही, दाराबाहेर उभं राहायचं (बायबलमधलं 'अनुवाद' पुस्तक, अध्याय २४). जातं गहाण घ्यायचंच नाही, पांघरूण घेतलं तर रात्रीपुरतं परत.

हेच वस्तूंबाबत करणाऱ्या मंडळांना 'गमाख' म्हणतात. इस्राएलची 'याद सारा' १९७६ पासून कुबड्या, व्हीलचेअर उसन्या देते, अनामत घेऊन. घरगुती गमाख बुडतो तो सुट्या भागांपायी, म्हणून प्रत्येक खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवा.

गाढवप्रेमी
थोडक्यात. आधी जनावराला चारा, मग आपलं ताट. मित्राच्या गाढवावरचं ओझं उतरवायचंय आणि शत्रूच्या गाढवावर चढवायचंय, तर शत्रूकडे आधी जा. तिथे स्वतःचा राग मोडावा लागतो. पण मालक 'पुण्य तुझं, तूच कर' म्हणत बाजूला बसला तर तुम्ही सुटलात. तो म्हातारा किंवा आजारी असेल तर मात्र एकट्यानेच.